चार वर्षांची वारस आणि शंभर वर्षांचं युद्ध

४ सप्टेंबर, कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

आल्याला सोळा दिवस झाले. ही वही लेकीने, रुचाने आणून दिली. दिवसभर खिडकीतून लोकांची लॉन बघत बसण्यापेक्षा काही लिहा, म्हणाली. पोरीचं म्हणणं बरोबर आहे. भूमी अभिलेख खात्यात पस्तीस वर्षं जमिनी मोजल्यावर माणूस कुठेही गेला तरी हद्दच शोधतो. इथे घराघरांमध्ये कुंपण नाही, बांध नाही. काल मागच्या कोपऱ्यात गवताखाली लोखंडी सळई सापडली. हद्दीची खूण. बरं वाटलं.

रुचा औषधांच्या कंपनीत आहे, साडेसातला गाडी काढते. जावई परीक्षित निम्मा महिना सांता क्लाराला असतो. नात सिया नववीत. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं व्यवस्थित चालतं.

मुलाचा, सौमित्रचा पुण्याहून फोन आला होता. "ताईशी बोललात का?" अजून नाही, म्हटलं. कोरेगावच्या अडीच एकरांसाठी बिल्डर थांबलाय. जमीन वडिलोपार्जित, त्यामुळे रुचाचा हक्कसोड, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद लागणार. त्यासाठी तिने अटलांटाच्या वकिलातीत जाऊन सौमित्रच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून द्यायचं. गाडीने सहा तास. मसुदा माझ्या बॅगेत आहे. तिला जरा सवड मिळाली की बोलेन.

वाचनालय घरापासून दोन हजार एकशे चाळीस पावलं. तिथे भिंतीवर एक जुना नकाशा लावलेला होता म्हणून थांबलो. खाली सूचना होती : ज्येष्ठांसाठी मोफत वर्ग, आठ मंगळवार. विषय : इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं शंभर वर्षांचं युद्ध. नकाशासाठी नाव घातलं.

९ सप्टेंबर

पहिला वर्ग. आम्ही नऊजण. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, शाळेत इतिहास शिकवायच्या. सगळे त्यांना मिस डोरीन म्हणतात. शेजारी वॉल्ट नावाचा उंच म्हातारा बसला होता, त्याने सुरुवातीलाच विचारलं, शेवटी जिंकलं कोण. मिस डोरीन म्हणाल्या, ते आठव्या मंगळवारी.

नकाशावर मापपट्टी नव्हती. वर्ग सुटल्यावर मी सांगितलं. राग आला नाही त्यांना. उलट, तुम्ही काढून द्याल का, असं विचारलं.

युद्धाचं मूळ मला लगेच कळलं, बाकीच्यांना कळेना. इंग्लंडचा राजा स्वतःच्या घरी राजा. पण फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गियेन नावाचा द्राक्षांचा मोठा मुलूख त्याच्याकडे होता, आणि तो फ्रान्सच्या राजाकडून लावून घेतलेला. म्हणजे तेवढ्यापुरता तो कूळ. कूळ म्हणून त्याने दुसऱ्या राजापुढे गुडघे टेकायचे. मी हात वर करून म्हणालो, की आमच्याकडे कूळ आणि मालक यांचे दावे तीन-तीन पिढ्या चालतात, मग हे दोघं तर सैन्य बाळगून होते. वर्ग हसला. इंग्रजी बहुतेक बरोबर आलं असावं.

११ सप्टेंबर

मापपट्टी काढली. सियाने तिचे रंगीत पेन दिले.

१६ सप्टेंबर

आज जे ऐकलं ते नीट लिहून ठेवतो, कारण एका वर्गात चार राजे मेले.

सन तेराशे सोळा. फ्रान्सचा राजा वारला. मागे एक मुलगी, जोन, वय वर्षं चार. (घोड्यावर बसून लढली ती जोन वेगळी, ती शंभर वर्षांनंतरची.) राणीला दिवस गेले होते. मुलगा झाला, पाच दिवस जगला. मग मुलीच्या काकाने गादी घेतली. बायकांनी राज्य करायचं नसतं असं मोठमोठ्या लोकांना जमवून ठरवून टाकलं. मुलीच्या वतीने तिच्या मामाने हक्क सोडल्याची सही केली. मामाचं लग्न त्याच काकाच्या मुलीशी लावून दिलं होतं.

आता पुढची गंमत. काका सहा वर्षांत वारला. त्याला नुसत्या मुली. त्याच्याच नियमाने त्या बाद. गादी धाकट्या भावाला. तोही सहा वर्षांत गेला, त्यालाही मुलगा नाही. राहिली त्यांची बहीण इझाबेला, ती इंग्लंडला दिलेली, तिचा मुलगा इंग्लंडचा राजा एडवर्ड. फ्रान्सवाले म्हणाले, बाईला हक्क नाही, तर बाईमार्फत तिच्या मुलाला कुठला? त्यांनी चुलत भाऊ आणून बसवला. नऊ वर्षांनी युद्ध सुरू झालं, ते एकशे सोळा वर्षं चाललं.

घरी येऊन सियाला सांगितलं. ती पास्ता खात होती. "व्हाय डिडन्ट दे जस्ट लेट हर बी क्वीन?"

लहान होती, म्हटलं.

"सो वेट फॉर हर टु ग्रो अप."

पोरं सोपं बोलतात. राज्याला थांबता येत नाही, हे तिला समजावून सांगणार होतो, पण ती क्लासला गेली.

१७ सप्टेंबर

कालच्या त्या सहीवरून आमच्या सुलेखाचा हक्कसोड आठवला. माझी एकुलती एक धाकटी बहीण, कराडला असते. वडील गेले त्यानंतरच्या वर्षी, सत्त्याण्णव साली, काम उरकलं होतं. इतकं सुरळीत काम मी खात्यातसुद्धा क्वचित पाहिलं. मसुदा मी केला, सोबतचा नकाशा मी काढला, तोही दिवसभर खपून, एक रेघ इकडची तिकडे नाही. सकाळी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेलो, बाराच्या आत मोकळे. सुलेखाने एवढंच विचारलं, "कुठे सही करू?" मी बोट ठेवलं, तिने सही केली. दुपारी घरी श्रीखंड होतं. तिला चांगली पैठणी घेतली होती, पण ती गडबडीत घरीच विसरून गेली. नंतर पोस्टाने पाठवली.

आमच्यात कधी भांडण झालं नाही. ती फारशी येत नाही, पण तिचा संसार मोठा आहे. जमिनीवरून घरं फुटलेली मी इतकी पाहिलीत की आमचं उदाहरण मी नोकरीत लोकांना सांगायचो.

२० सप्टेंबर

पाऊस. सौमित्रचे दोन फोन. परीक्षित आलाय म्हणून विषय काढला नाही.

२३ सप्टेंबर

आज मी दोन प्रश्न विचारले. पहिला : इझाबेलाला कुणी विचारलं का? मिस डोरीन म्हणाल्या, तिने स्वतःहून दोन बिशप पॅरिसला पाठवले होते, माझ्या मुलाचा हक्क आहे म्हणून. कुणी दाद दिली नाही.

दुसरा : बाईला हक्क नाही हा नियम कुठे लिहिलेला होता? यावर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, तेव्हा कुठेच नाही. पुढे पन्नासेक वर्षांनी फ्रान्सच्या विद्वानांनी एक जुनाट कायद्याचं पुस्तक शोधून काढलं, त्यात एक वाक्य सापडलं, ते जमिनीबद्दल होतं, ते राज्याला लावलं.

म्हणजे निकाल आधी, नियम मागाहून. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यात नवल नाही. तरी मला वाईट वाटलं. मामाने सही केली तेव्हा निदान कायदा तरी असेल असं मी धरून चाललो होतो.

वॉल्टने परतताना गाडीतून सोडलं. हे सगळं आवार पूर्वी तंबाखूची शेतं होती, असं त्याने दाखवलं. मी विचारलं, मोजणी कशी करायचे. त्याला ठाऊक नव्हतं.

२८ सप्टेंबर

रविवार. रुचा कपड्यांच्या घड्या घालत होती, मी समोर बसून युद्ध सांगत होतो. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. क्रेसीची लढाई, मग प्लेगची साथ, मग मोकाट सैनिकांच्या टोळ्या. म्हणाली, "बाबा, तुम्ही इतकं बोलताना मी कधी ऐकलंच नाही. आई असती तर विश्वास बसला नसता तिचा."

मग तीच आठवणी काढत बसली. पाचवीत असताना मी तिला कोरेगावला मोजणीला नेलं होतं, तिने दुसऱ्या टोकाला निशाण धरलं होतं. उन्हात दोन तास हलली नाही. दुपारी विहिरीच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला, पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले. मी हे सगळं विसरलो होतो. सौमित्रला कधी नेलं नाही, त्याला आवड नव्हती.

विषय काढायची चांगली वेळ होती. काढला नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. तिच्या घड्या राहिल्या होत्या.

३० सप्टेंबर

मला वाटलं होतं एकशे सोळा वर्षं लढायाच झाल्या असतील. मोठ्या लढाया बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी काळ इंग्रज सैन्य फ्रान्समधून गावं जाळत जायचं, मालकाला आपल्या रयतेचं रक्षण करता येत नाही हे दाखवायला. द्राक्षांचे वेल उपटायचे. बांध कुठे होता हे सांगणारी माणसंच काही गावांत उरली नाहीत, असं मिस डोरीन म्हणाल्या. खात्यात आम्ही असल्या ठिकाणी जुने नकाशे काढून पुन्हा खुणा रोवतो. त्यांच्याकडे नकाशे नव्हते.

ही माणसं कुणाच्या हक्कासाठी मेली हे त्यांना माहीत असेल का, असं विचारायचं राहून गेलं.

१० ऑक्टोबर

आज जे झालं ते सरळ लिहितो.

सौमित्रला धीर धरवला नाही. त्याने मसुदा रुचाला थेट ईमेल केला. ती संध्याकाळी आली, चपला काढल्या, चहा ठेवला, मला कप दिला आणि समोर बसली.

"तुम्ही ह्यासाठी आलात का बाबा?"

खोटं बोलता आलं असतं. तुला भेटायला आलो, हेही खरंच होतं. पण ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, हो, ह्यासाठीही आलो.

 ती म्हणाली की तिला जमीन नकोच आहे, कधी मनातही आलं नव्हतं. महिनाभर रोज संध्याकाळी तिने मला भात वाढला, मी तिला युद्धं सांगितली, आणि कागद बॅगेत होता. अटलांटाला शुक्रवार चोवीस तारखेची अपॉइंटमेंट मिळते, ती सुट्टी टाकेल. मग फोनवर मसुदा उघडून माझ्यापुढे धरला.

"कुठे सही करू?"

मी बोट ठेवायला हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला. आवाज रुचाचा होता. शब्द तेच, आणि सूरही तोच. अठ्ठावीस वर्षं मी त्या प्रश्नाला होकार समजत होतो.

चहा गार झाला. मी फिरून येतो म्हणून बाहेर पडलो आणि पावलं मोजायला विसरलो.

१४ ऑक्टोबर

वर्गात लक्ष नव्हतं. एवढंच टिपलं : सगळं हरल्यावरही इंग्लंडचे राजे स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवत राहिले, अठराशे एकपर्यंत. सातबाऱ्यावर नाव, ताब्यात काही नाही.

शेवटी थांबून मिस डोरीनना विचारलं, त्या चार वर्षांच्या मुलीचं पुढे काय झालं. त्या म्हणाल्या, तुम्ही पहिले आहात हे विचारणारे, सगळे तिला तेराशे सोळातच सोडून पुढे जातात. मोठी झाल्यावर तिला नवार नावाचं डोंगरातलं छोटं राज्य मिळालं, तेही तिथले लोक तीच राणी हवी म्हणून अडून बसले म्हणून. चांगलं चालवलं तिने. तिचा मुलगा मात्र आयुष्यभर फ्रान्सच्या राजांशी भांडत राहिला.

१५ ऑक्टोबर

रुचाला सांगितलं की सही करायची नाही. अपॉइंटमेंट कॅन्सल कर. ती म्हणाली, रागाने सांगताय का. नाही, म्हटलं, हे मला आधी सुचायला हवं होतं. तिने माझा हात धरला नाही की काही नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. पण रात्रीच्या जेवणाला भरली वांगी केली.

सौमित्रला फोन केला. तो चिडला. त्याचं चुकतंय असं नाही, त्याला मीच हा रस्ता दाखवला होता. तो म्हणाला, इतकी वर्षं काही बोलला नाहीत, आता अमेरिकेत जाऊन न्याय सुचला. आणि मग म्हणाला, "मग आत्याचंही नाव लावा की सातबाऱ्यावर परत."

टोमणा मारला त्याने. मी फोन ठेवला आणि तसाच बसलो. टोमणा म्हणून बाजूला ठेवायला गेलो तर ठेवता येईना.

२२ ऑक्टोबर

दिवाळीत इथे गर्दी होती. रुचाचे मित्र, त्यांची पोरं, चकल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या हवेतही खुसखुशीत झाल्या. आज सकाळी, म्हणजे कराडला संध्याकाळ, सुलेखाला फोन केला.

मूळ बोलणं जिभेवर येईना म्हणून युद्ध सांगायला लागलो. कूळ, गियेन, इझाबेला, चार राजे. ती ऐकत होती. तिने एकदाही मधे तोडलं नाही. पाऊण तास मी बोललो. मग ती म्हणाली, "त्या पोरीला कुणी वाचून तरी दाखवलं का, मामा कशावर सही करतोय ते?"

मी म्हटलं, चार वर्षांची होती गं.

"मी छत्तीस-सदतीस वर्षांची होते, दादा."

मग बोललो मी. जे बोलायचं होतं ते सगळं. अर्धी जमीन तिची होती, अर्धी तिला परत करायची आहे, बक्षीसपत्र करून देतो.  मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

म्हणाली, त्या कागदाची नक्कल तिने दुसऱ्याच वर्षी काढून आणली होती. नकाशाही. कितीतरी वेळा पाहिलाय. "इतका सुंदर नकाशा काढलास. विहीर कुठाय त्यात?"

माझ्याकडे उत्तर होतं. विहीर दाखवली तर जमीन बागायत धरली जाते. जिरायत दिसली तर बहिणीलाही वाटतं, फार काही सोडत नाही आपण. तेव्हा मी हे असं शब्दांत मनाशी म्हटलं नव्हतं. पेन्सिल तिथे थांबली आणि पुढे गेली, इतकंच. या वहीत सप्टेंबरात मी लिहिलंय की एक रेघ इकडची तिकडे नाही. लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. हेच मला समजत नाही.

सुलेखाला म्हटलं, विहीर मी मुद्दाम सोडली. "माहितीये," म्हणाली. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." आणि जावयांना चहा करायचाय म्हणून फोन ठेवला.

२८ ऑक्टोबर

शेवटचा वर्ग. वॉल्टने पुन्हा विचारलं, जिंकलं कोण. फ्रान्स, असं उत्तर मिळालं, पण कॅले नावाचं एक बंदर आणखी शंभर वर्षं इंग्रजांकडेच राहिलं, आणि फ्रान्समधली कितीतरी शेतं रान होऊन पडली. दोन्हीकडे कर वाढले ते पुन्हा खाली आले नाहीत. इंग्लंडच्या कचेऱ्यांमध्ये तोवर फ्रेंच चालायचं, तिथे इंग्रजी बोलली जाऊ लागली. वॉल्ट म्हणाला, चला, त्यामुळे मला हा वर्ग समजला.

मिस डोरीननी प्रत्येकाला युद्धाचं खरं कारण विचारलं. कुणी द्राक्षं म्हणालं, कुणी राजांचा अहंकार. मी म्हणालो, मला नक्की माहीत नाही. पहिल्या दिवशी मला कारण लगेच कळलं होतं, आता इतकं सोपं वाटत नाही. त्या म्हणाल्या, मग तुमचा वर्ग चांगला झाला.

२ नोव्हेंबर

बिल्डरने पलीकडची जमीन बघितली. सौमित्र माझ्याशी बोलत नाही, रुचाशी बोलतो. तिने त्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

सुलेखाचा फोन नाही.

९ नोव्हेंबर

बक्षीसपत्राआधी हिस्से पाडायचे तर मोजणी पुन्हा करावी लागेल. खात्याची नोटीस रीतसर निघेल तेव्हा निघेल. पण नोकरीत मी हजारो लोकांना नोटिसा पाठवल्या, सत्त्याण्णव साली घरातलंच काम म्हणून बहिणीला पाठवली नव्हती. आज बसून स्वतःच्या अक्षरात लिहिली. सर्व्हे नंबर, गाव, तालुका. डिसेंबरात मी परतल्यावर मोजणी होईल, विहिरीसह सर्व खुणा नोंदल्या जातील, तारीख कळवीन, आपण जागेवर समक्ष हजर राहावे, हरकत असल्यास तिथेच सांगावी. खाली सही केली. सियाने फोटो काढून कराडला पाठवून दिला.

तासाभराने सुलेखाचं उत्तर आलं.

"हजर राहीन. तुझ्याशी बोलायचं की नाही ते तिथे आल्यावर ठरवीन."

रुचाला दाखवलं. तिने दोनदा वाचलं, मग ऑफिसचं कॅलेंडर उघडून डिसेंबरातले दिवस बघू लागली. निशाण धरायला कुणीतरी लागेलच, म्हणाली.